अनेक झाडांचे एकच पान : एक्सएमएल आणि एक्सएसएलटीने घडणाऱ्या मेनूंचा आढावा

संकेतस्थळाच्या माथ्यावर किंवा डाव्या कडेला दिसणाऱ्या विषयांच्या यादीला सर्वत्र मेनू म्हणतात. ती वाट दाखवते हे खरेच, पण त्याच वेळी या स्थळावर काय आहे, कशाच्या पोटात काय येते आणि कोणाला आधीचा मान आहे, हेही ती न बोलता सांगून टाकते. नांदेड जिल्ह्याच्या माहितीसाठी एखादे स्थळ उभे करायचे, त्यात सोळा तालुके, प्रत्येक तालुक्याखाली त्याची गावे आणि प्रत्येक गावाखाली ग्रामपंचायत, शाळा, आरोग्यसेवा अशी पाने ठेवायची, असे ठरले, तर पानांची संख्या पाहता पाहता काही हजारांवर जाते, कारण जिल्ह्यात गावेच दीड हजारांहून अधिक आहेत. यांतील प्रत्येक पानावर मेनू हाताने लिहिला, तर एका नावातला एक बदल हजारो ठिकाणी करावा लागतो आणि तो कुठे ना कुठे राहून जातोच. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या नावांच्या जागी छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे आली, तेव्हा ज्या स्थळांची यादी एकाच ठिकाणी नोंदलेली होती त्यांचे काम एका ओळीत संपण्यासारखे होते. ज्यांची यादी पानोपानी विखुरलेली होती त्यांच्यापुढे जुने नाव शोधत फिरण्याखेरीज मार्ग नव्हता.

या अडचणीवरील उपाय गतिमान मेनू या नावाने ओळखला जातो, पण त्या नावाने दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. बाण नेताच उघडणारी आणि बाजूला होताच मिटणारी यादी ही दिसण्यापुरती गतिमान असते. ती मागे हाताने लिहिलेलीही असू शकते. प्रस्तुत आढाव्यात गतिमान मेनू म्हणजे जो कुठेच लिहून ठेवलेला नसतो, तर एका मूळ नोंदीतून प्रत्येक पानासाठी यंत्राकडून घडवला जातो, असा मेनू. मूळ नोंद एक्सएमएलमध्ये आणि घडवण्याचे नियम एक्सएसएलटीमध्ये ठेवणे ही त्याची एक पद्धत. गेल्या पंचवीस वर्षांत तिने उत्साह, स्थिरता आणि उतरण असे तिन्ही टप्पे पाहिले आहेत.

एक्सएमएल ही मजकुराला खुणा जोडण्याची भाषा आहे. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या एसजीएमएल या अवजड भाषेतून काटछाट करून ती घडवली गेली आणि टिम ब्रे, जाँ पाओली व मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन यांनी संपादित केलेली तिची पहिली आवृत्ती १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा गाभा असा की प्रत्येक माहितीभोवती उघडणारी आणि मिटणारी खूण असते, या खुणा एकमेकींच्या पोटात पूर्णपणे बसतात आणि सर्वांना सामावणारी एकच खूण सर्वांत बाहेर असते. असा दस्तऐवज आपोआप झाडाच्या आकाराचा होतो: एक मूळ, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या आणि शेवटी पाने. मराठीत झाडाचे पान आणि संकेतस्थळाचे पान यांना एकच शब्द आहे, हा योगायोग या विषयाच्या फार कामी येतो, कारण मेनूचे झाड उतरत गेले की टोकाला जे पान लागते ते दोन्ही अर्थांनी पानच असते.

खुणांची नावे कोणती ठेवायची हे एक्सएमएल ठरवत नाही, ते लिहिणाऱ्यावर सोडते, आणि ती नावे युनिकोडमधील बहुतेक कोणत्याही लिपीत असू शकतात. त्यामुळे पुढील तुकडा हे कल्पनाचित्र नसून नियमाने शुद्ध असलेले एक्सएमएल आहे.

<जिल्हा नाव="नांदेड" संकेतांक="५११">
  <तालुका नाव="उमरी">
    <गाव नाव="गोरठा"/>
  </तालुका>
  <तालुका नाव="लोहा"/>
</जिल्हा>

यातील ५११ हा २०११ च्या जनगणनेतील नांदेड जिल्ह्याचा संकेतांक आहे, लातूरचा ५२४. ही देवनागरी मुभा वापरात मात्र फारशी आली नाही. मराठी स्थळे घडवणाऱ्यांनीही खुणांची नावे इंग्रजीतच ठेवली आणि त्यामागे सवयीखेरीज एक तांत्रिक कारणही आहे. 'अधिकाऱ्यांची-यादी' अशी खूण करायची म्हटली, तर त्यातला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवले जाते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एक्सएमएल १.० च्या पहिल्या चार आवृत्त्यांत मात्र खुणेच्या नावात हे अदृश्य चिन्ह निषिद्ध होते, नोव्हेंबर २००८ च्या पाचव्या आवृत्तीने ते चालवून घेतले, आणि चालवून घेतल्यावरही यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी नावेच राहिली. जुन्या नियमावर चालणाऱ्या साधनापुढे असा दस्तऐवज आला की ते पहिल्याच ओळीला अडते, आणि चूक शोधणाऱ्याला डोळ्यांनी काहीच वावगे दिसत नाही. खुणांच्या आतील मजकुरात किंवा वरच्या तुकड्यातील नाव, संकेतांक यांसारख्या गुणविशेषांच्या किमतीत हे बंधन कधीच नव्हते. म्हणून खुणा साध्या आणि नावे मराठी, ही वाटणी शहाणपणाची ठरली.

या नोंदीला दुव्यांच्या यादीचे रूप देण्याचे काम एक्सएसएलटीचे. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली तिची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी, नोंदीतील जागा दाखवणाऱ्या एक्सपाथ या छोट्या भाषेसोबतच, शिफारस म्हणून आली. मायकेल के यांच्या संपादनाखाली दुसरी आवृत्ती २००७ मध्ये आणि तिसरी २०१७ मध्ये निघाली. नेहमीच्या संगणकीय भाषांत 'आधी हे कर, मग ते कर' अशी आज्ञांची साखळी असते. एक्सएसएलटीत त्याऐवजी साचे असतात: तालुका ही खूण भेटली की काय लिहायचे याचा एक साचा, गाव भेटले की काय लिहायचे याचा दुसरा. तालुक्याचा साचा स्वतःची ओळ लिहितो आणि 'आता पोटातल्यांना त्यांचे त्यांचे साचे लावा' एवढे सांगून थांबतो. त्यामुळे झाड दोन पायऱ्यांचे असो की सात पायऱ्यांचे, साच्यात एका अक्षराचाही फरक करावा लागत नाही. ज्यांना हातात मोजणीचे चक्र ठेवून यादी फिरवण्याची सवय असते त्यांना ही रीत आरंभी उलटी वाटते, आणि एक्सएसएलटीविषयीच्या कितीतरी तक्रारी या एका अनोळखीपणातून आलेल्या दिसतात.

एक्सपाथची नाती तर थेट घरातली आहेत. झाडातील कोणत्याही जागेपासून तिचे अपत्य, तिचा जनक, तिचे पूर्वज, तिच्या आधीची आणि नंतरची भावंडे, असा शोध घेता येतो. वंशावळ वाचता येणाऱ्याला हे निराळे शिकवावे लागत नाही. उमरीच्या पानावर असताना 'तुम्ही येथे आहात : मुखपृष्ठ, नांदेड, उमरी' अशी जी माग दाखवणारी ओळ वरच्या बाजूला येते, ती म्हणजे उमरीच्या पूर्वजांची मुळापासून वाचलेली यादी, शेजारी 'इतर तालुके' म्हणून जी यादी येते ती उमरीच्या भावंडांची. एकाच नोंदीतून मेनू, मागओळ, स्थळाचा नकाशा आणि 'पुढचे पान, मागचे पान' हे दुवे असे चार वेगळे पदार्थ निघतात आणि चौघांत कधी विसंगती येत नाही. या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ कोणता, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल. उघडणाऱ्या-मिटणाऱ्या यादीचा देखावा त्यापुढे किरकोळ आहे.

आकारमानाचा प्रश्न मात्र किरकोळ नाही. यूटीएफ-८ या प्रचलित साठवण-पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. 'उमरी' या नावात उ, म, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे असल्याने ते बारा बाइटचे होते, 'नांदेड' अठरा बाइटचे. नाव, दुव्याचा पत्ता आणि भोवतीच्या खुणा मिळून एका नोंदीला शंभर बाइट धरले, तरी दीड हजार गावांचा संपूर्ण मेनू दीड लाख बाइटचा होतो आणि तो प्रत्येक पानाबरोबर पाठवावा लागतो. म्हणून छाटणी करावी लागते. मेनू घडवताना एक्सएसएलटीला चालू पानाची ओळख बाहेरून दिली जाते. प्रत्येक खुणेपाशी 'हे चालू पान तुझ्या वंशात आहे का' असा प्रश्न केला जातो, आणि उत्तर होकारार्थी असेल तरच ती फांदी उघडली जाते, नाहीतर तिचे नुसते नाव लिहून पुढे जायचे. उमरीतील गावाच्या पानावर उमरीची गावे पूर्ण दिसतात, उरलेले पंधरा तालुके मात्र एकेका ओळीत मिटून बसतात. ही छाटणी काही थोड्या ओळींच्या साच्यात बसते, आणि जी संकेतस्थळे ती करत नाहीत त्यांची किंमत कमी वेगाच्या जोडणीवर बसलेला वाचक चुकवतो.

रूपांतर नेमके कुठे करायचे, याची तीन उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर वाचकाच्या ब्राउझरमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने १९९९ च्या पाचव्या आवृत्तीत एक्सएसएलच्या कच्च्या मसुद्याला जागा दिली आणि २००१ च्या सहाव्या आवृत्तीपासून पक्क्या एक्सएसएलटीला. तेव्हा सर्व्हरने केवळ नोंद आणि साचे पाठवावेत, पान वाचकाच्याच यंत्रात घडावे, हे चित्र फार आकर्षक वाटत होते. दुसरे उत्तर सर्व्हरवर. २००४ मध्ये आलेल्या पीएचपीच्या पाचव्या आवृत्तीत लिबएक्सएसएलटी या ग्रंथालयावर आधारलेले रूपांतर अंतर्भूत झाले आणि साध्या भाड्याच्या सर्व्हरवरही ते शक्य झाले. २००५ च्या एएसपी डॉट नेट २.० मध्ये तर स्थळाच्या झाडासाठी एक ठरावीक एक्सएमएल फाइलच नेमून दिली होती, जिच्यातून मेनू आणि मागओळ आपोआप निघत. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या उम्ब्राको या स्थळ-व्यवस्थापन साधनातही मेनू एक्सएसएलटीच्या साच्यांनी घडवण्याची रीत कित्येक वर्षे चालू होती. तिसरे उत्तर प्रकाशनाच्या वेळी एकदाच: अपाची संस्थेच्या फॉरेस्ट या प्रकल्पात एका एक्सएमएल फाइलवरून सर्व पानांचे मेनू घडवून तयार पानेच सर्व्हरवर ठेवली जात. ज्या माहितीत दिवसेंदिवस बदल होत नाही, आणि तालुक्यांची यादी अशीच असते, तिच्यासाठी तिसरे उत्तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी मोडणारे होते; पण जे दिसायला नवलाचे नाही त्याच्या वाट्याला कौतुक क्वचितच येते.

घडलेला मेनू शेवटी कोणत्या रूपात पानावर उतरावा, याचा निकाल २००३ च्या सुमारास लागला. त्याआधी तक्ते, चित्रे आणि लांबलचक जावास्क्रिप्ट यांची खिचडी असे. त्या वर्षी 'सकरफिश' नावाने प्रसिद्ध झालेल्या रीतीने दाखवून दिले की साधी, पोटयाद्या असलेली यादी लिहावी आणि उघडझाप जवळजवळ सगळी शैलीपत्रकावर सोपवावी. एक्सएसएलटीला हे फारच सोयीचे झाले, कारण यादीच्या पोटात यादी हा तिच्या झाडाचाच आरसा आहे. बाण वर नेला की यादी उघडते, ही कल्पना पुढे मोबाइलने निकालात काढली. बोटाला बाण नसतो. यादीचा सांगाडा मात्र टिकला, आणि पडदावाचक साधनांवर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन वाचकाला आजही तोच आधार देतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये सिद्ध केलेल्या शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्व पानांवर मार्गदर्शन एकसारखे असावे यावर भर आहे, आणि हा एकसारखेपणा एकाच नोंदीतून येणाऱ्या मेनूला निराळ्या कष्टांविना मिळतो.

मराठीपुरता खरा पेच अकारविल्हे लावण्याचा आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये येण्यापूर्वी विविध फाँटांत साठवला जाई, म्हणजे आत रोमन अक्षरांचे संकेतांक आणि वर देवनागरीचा मुखवटा. त्या काळी यंत्राने लावलेला मराठी क्रम निव्वळ निरर्थक असे. युनिकोडने तो अनर्थ संपवला, कारण देवनागरीच्या तक्त्यात स्वर, व्यंजने आणि मात्रा बहुतांशी परंपरेच्याच क्रमाने मांडल्या आहेत. नांदेडच्या सोळा तालुक्यांना संकेतांकांचा क्रम लावला, तर अर्धापूर, उमरी, कंधार, किनवट, देगलूर, धर्माबाद, नांदेड, नायगाव, बिलोली, भोकर, माहूर, मुखेड, मुदखेड, लोहा, हदगाव, हिमायतनगर अशी यादी निघते आणि ती पाहून सहसा कोणी हरकत घेणार नाही. बाराखडी पाठ असलेला मात्र कंधारपाशी थबकेल, कारण बाराखडीत कं हा कौ नंतर येतो आणि कि त्याच्या बराच आधी. त्या हिशोबाने किनवट पुढे आणि कंधार मागे हवे. संकेतांकांच्या तक्त्यात अनुस्वार व्यंजनांच्याही आधी बसवल्याने उलटे घडते. ळ ची अडचण याहून ठळक आहे. तक्त्यात तो ल ला लागून, व च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत, महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयातही, तो ह नंतर येतो. म्हणून लातूर जिल्ह्यातील जळकोट आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी आढळणारे जवळा हे गावनाव एका यादीत आले, तर यंत्र जळकोटला पुढे घेते आणि मराठी वाचक जवळ्याला. क्ष आणि ज्ञ यांचेही असेच: वर्णमालेत त्यांची जागा शेवटी, यंत्राच्या यादीत ते क आणि ज यांच्या घरात.

एक्सएसएलटीच्या क्रम लावण्याच्या आज्ञेत भाषा सांगण्याची सोय पहिल्यापासून आहे, पण भाषा सांगितल्यावर नेमके काय व्हावे हे पहिल्या आवृत्तीने साधनावर सोडले आणि दोन साधनांचे उत्तर वेगळे येऊ शकते असे स्पष्टच नोंदवले. दुसऱ्या आवृत्तीत क्रमाची नियमावली नावाने मागवता येऊ लागली. व्यवहारात अनेकांनी सोपा उपाय केला: प्रत्येक नोंदीत क्रमांकाचा एक गुणविशेष ठेवायचा आणि क्रम माणसाने लावायचा. शुद्धतावादी याला पळवाट म्हणतील. सोळा नावांसाठी ती पुरेशी आहे, दीड हजारांसाठी नाही. अंकांच्या बाबतीत मात्र या भाषेने अनपेक्षित उदारपणा दाखवला आहे, कारण क्रमांक घालण्याच्या आज्ञेत नमुना म्हणून १ हा देवनागरी अंक दिला की पुढची सगळी मोजणी देवनागरीत होते, आणि हे १९९९ च्या पहिल्याच आवृत्तीपासून आहे.

दुभाषिक मेनूसाठी प्रत्येक जागेला एक ओळख आणि तिच्या पोटात भाषेची खूण असलेली दोन नावे ठेवली जातात. रूपांतराच्या वेळी भाषा सांगितली की त्या भाषेतले नाव उचलले जाते, नसेल तर दुसरे. उमरीचे मराठी पान आणि इंग्रजी पान यांचे झाड एकच राहते. मराठी बाजूला पंधरा शाखा आणि इंग्रजी बाजूला नऊ, अशी विषमता शासकीय आणि निमशासकीय स्थळांवर पुष्कळदा दिसते, आणि तिचे मूळ दोन भाषांसाठी दोन झाडे वेगवेगळी वाढवण्यात असते.

इथपर्यंतचे प्रश्न साच्यांनी सुटतात. न सुटणारा प्रश्न झाडाच्या कल्पनेतच आहे. एक्सएमएलच्या नियमाने प्रत्येक फांदीला एकच जनक असतो, पण नांदेड-लातूरच्या पट्ट्यातील कोणतेही गाव एका झाडावर राहत नाही. महसुलाच्या झाडात जिल्हा, उपविभाग, तालुका, मंडळ, तलाठ्याचा सजा आणि गाव अशी उतरंड आहे. पंचायत राज्याच्या झाडात जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत, जिच्यात कधी एकाहून अधिक गावे असतात. मतदारसंघांचे झाड तर आणखी तिसरेच. उमरी हा महसुलात नायगावच्या बरोबरीचा स्वतंत्र तालुका आहे, पण विधानसभेच्या झाडात तो नायगाव मतदारसंघाच्या पोटात जातो. लोह्याची गोष्ट याहून बोलकी आहे: तालुका नांदेड जिल्ह्याचा, आणि २००८ च्या पुनर्रचनेनंतर लोहा विधानसभा मतदारसंघ लातूर लोकसभेत. 'लोहा' हे पान कोणत्या फांदीला लावायचे, हा प्रश्न मेनू घडवणाऱ्याला टाळता येत नाही, आणि दोन्हीकडे त्याची नक्कल ठेवली तर मूळ रोग परत येतो, कारण एक नक्कल सुधारली जाते आणि दुसरी तशीच राहते.

काळाच्या अंगानेही झाड स्थिर नसते. निजामाच्या हैदराबाद राज्यात उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मराठवाड्याच्या इतर भागाबरोबर मुंबई राज्यात आणि उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरमध्ये गेले. १९५६ च्याच पुनर्रचनेत नांदेडच्या देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे व मुधोळचा भाग आंध्र प्रदेशाकडे गेला आणि आदिलाबादकडून किनवट नांदेडला मिळाले. जुन्या कागदपत्रांचे, गॅझेटियरचे किंवा जनगणनेच्या जुन्या खंडांचे स्थळ करायचे असेल, तर मेनूने उदगीर कोणत्या जिल्ह्याखाली दाखवायचे याचे उत्तर कागदाच्या सालावर अवलंबून राहते.

यावर एक्सएसएलटीतला उपाय म्हणजे किल्ली नावाची सोय. गावे आणि तालुके एका सपाट यादीत, प्रत्येकाला एक न बदलणारी ओळख देऊन, एकदाच नोंदवायचे. झाडे निराळी ठेवायची आणि त्यांत नावे न लिहिता फक्त या ओळखी लिहायच्या. रूपांतराच्या वेळी किल्लीने ओळखीवरून नाव काढायचे. महसुलाचा मेनू हवा तर एक झाड द्यायचे, मतदारसंघांचा हवा तर दुसरे, १९५१ चा हवा तर तिसरे, आणि लोह्याची नोंद मात्र सर्वांखाली एकच. झाड मुळीच न लिहिता सपाट यादीतून गट पाडूनही ते उभे करता येते. पहिल्या आवृत्तीत त्यासाठी स्टीव्ह मुएंक यांच्या नावाने ओळखली जाणारी किल्लीचीच एक युक्ती वापरावी लागे, दुसऱ्या आवृत्तीने गटांसाठी सरळ आज्ञा दिली. एवढे झाल्यावर ही रचना एखाद्या विदागाराच्या तक्त्यांसारखी दिसू लागते आणि मग एक्सएमएलच का, असा रास्त आक्षेप येतो. त्याचे उत्तर असे की नोंद लहान, क्वचित बदलणारी आणि माणसाने डोळ्यांनी वाचून तपासायची असेल, तर साधी मजकूर-फाइल विदागारापेक्षा हाताशी राहते. रोज हजारो बदल असतील तर तो आक्षेप मान्यच करावा लागतो.

न बदलणाऱ्या ओळखीची गरज गावांच्या नावांनीच पटते. उमरी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. बुद्रुक आणि खुर्द ही शेपटे कुठे लावली जातात, कुठे गळतात. उमरी तालुक्यातील ज्या गावाचे नाव संतकवी दासगणू महाराजांमुळे सर्वदूर गेले, ते गोरठा, गोरठे आणि गोरटे अशा तिन्ही रूपांत छापलेले आढळते. यंत्राच्या दृष्टीने ही तीन गावे आहेत. नावावर दुवा बांधला की तो नावाच्या लहरीवर राहतो, संकेतांकावर बांधला की नाव कसेही लिहा, पान तेच उघडते. एका विषयाला दोन घरे असण्याचा पेचही असाच सुटतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४८ साली उमरीच्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी घातलेला छापा जिल्ह्याच्या 'इतिहास' शाखेत जावा की उमरीच्या तालुका-पानाखाली, यावर वाद घालण्याचे कारण उरत नाही, कारण दोन्ही फांद्या एकाच पानाकडे बोट दाखवू शकतात.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला पायऱ्यापायऱ्यांचा मेनू माहीत असतो तो सातबाऱ्याच्या निमित्ताने. महाभूलेखच्या स्थळावर आधी सहा महसुली विभागांपैकी एक निवडावा लागत असे, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी गट किंवा सर्व्हे क्रमांक. प्रत्येक निवडीनंतर पुढची यादी तिच्यातून निघे. त्यामागचे यंत्र कोणतेही असो, आकार झाडाचाच आहे. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: उमरीचा माणूस स्वतःला तालुक्याने आणि जिल्ह्याने ओळखतो, विभाग ही त्याच्या बोलण्यातली पायरी नव्हे, आणि तरीही यादी तिथूनच सुरू होत असे. प्रशासनाचे झाड आणि वाचकाच्या डोक्यातील झाड यांत हे जे अंतर पडते ते कोणताही साचा भरून काढत नाही. वाचकाला वरची पायरी न दाखवता खालून प्रवेश द्यायचा की नाही, हा निर्णय माणसानेच घ्यायचा असतो. गावाचे नाव लिहिताच त्याचे पूर्वज यंत्राने शोधून दाखवणे एक्सपाथला मुळीच अवघड नाही.

या पद्धतीच्या उतरणीची कारणे बहुतेक तिच्या बाहेरची आहेत. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट सर्वांना आलीच पाहिजे अशी स्थिती झाल्यावर माहितीची ने-आण जेसन या हलक्या रूपात होऊ लागली आणि मेनू घडवण्याचे काम त्याच भाषेत लिहिणे सोपे वाटू लागले. वर्डप्रेससारख्या साधनांनी तर मेनू हा ओढून-सोडून रचण्याचा पदार्थ केला आणि नोंद विदागारात लपवली. एक्सएमएलचा कडकपणाही थोडा नडला: एक मिटणारी खूण राहिली की साधन पूर्ण दस्तऐवज नाकारते, आणि तालुका कार्यालयात बसून एक ओळ दुरुस्त करणाऱ्याच्या हातून सगळ्या स्थळाचा मेनू नाहीसा होऊ शकतो. योग्य उपाय तपासणीच्या नियमांचा होता, तालुक्याच्या पोटात तालुका येऊ नये, एकच ओळख दोनदा नसावी हे प्रकाशनाआधीच तपासणारा. ती शिस्त फार थोड्यांनी पाळली. ब्राउझरांनीही १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपुढे कधी पाऊल टाकले नाही, म्हणजे गट पाडणे आणि क्रमाची नियमावली निवडणे या सोयी वाचकाच्या यंत्रात कधी पोहोचल्याच नाहीत. अखेर २०२५ मध्ये गुगलने क्रोममधून एक्सएसएलटी काढून टाकण्याचा इरादा जाहीर केला. जुन्या सी भाषेत लिहिलेल्या ग्रंथालयातील सुरक्षेच्या त्रुटी आणि अत्यल्प वापर ही त्यामागची कारणे सांगितली गेली. विरोध करणाऱ्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या विधेयकांसारख्या सार्वजनिक दस्तऐवजांकडे बोट दाखवले, जे याच मार्गाने वाचकापर्यंत जात होते.

हा निर्णय तीन उत्तरांपैकी पहिल्यालाच लागू होतो. सर्व्हरवर आणि प्रकाशनाच्या वेळी होणारे रूपांतर त्याच्या कक्षेत येत नाही, आणि सॅक्सनसारखी साधने तिसऱ्या आवृत्तीसह चालू आहेत. शोधयंत्रांसाठी २००५ पासून रुळलेला स्थळ-नकाशा आजही एक्सएमएलमध्येच लिहिला जातो, आणि एका फाइलमध्ये पन्नास हजार पत्त्यांची त्याची मर्यादा नांदेड किंवा लातूर जिल्ह्याच्या सर्व गावांना प्रशस्त पुरते. ज्या स्थळांनी आपले झाड स्वच्छ एक्सएमएलमध्ये राखले त्यांना तेच झाड जेसनमध्ये बदलून नव्या साधनाला देणे हे एका साच्याचे काम आहे. ज्यांचे झाड मेनूच्या सजावटीत विरघळून गेले त्यांना ते पानोपानी वेचावे लागते. १ मार्च २०२७ या संदर्भदिनाच्या जनगणनेनंतर गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतील, तेव्हा नोंदीत ५११ आणि ५२४ या जुन्या संकेतांकांसाठी साल लिहिलेला एक गुणविशेष राखून ठेवलेला असला, तर २०११ ची आकडेवारी ज्या दुव्यावर आहे तो तुटणार नाही.